घरची बोली आणि शाळेची मराठी
(ज्युबिली महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल दिवशीं आम्हां शिक्षकांस दोन शब्द बोलावयास सांगितलें, हा आमचा गौरव होय. आज आपण देवळाच्या आयुष्याचीं वर्षें मोजीत आहों. परंतु आपल्या घरांतही एक जुनें धन आहे, तें मोजावयाचें राहून जातें. तें धन म्हणजे आपली बोली.

पोर्तुगीजांनीं सन १५२१ मध्यें चौलास किल्ल्याचें बांधकाम आरंभिलें. सन १७४० मध्यें चौल व कोर्लई हीं ठाणीं मराठ्यांकडे आलीं आणि पोर्तुगीज निघून गेले. मात्र त्यांच्या भाषेपासून उपजलेली बोली कुंडलिकेच्या मुखाशीं, आपल्या कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत टिकून राहिली. तिला आपण 'नो लिंग', म्हणजे 'आपली भाषा', म्हणतों. बोलणारे फार तर हजारभर. तरी अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठाचे भाषापंडित क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनीं सन १९९६ मध्यें तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. तिचे शब्द बहुतेक पोर्तुगीज वंशाचे, पण क्रियापद मराठीप्रमाणें वाक्याच्या शेवटीं येतें. शेजार असा व्याकरणांतही उतरतो.

शाळेची भाषा मराठी. तेथें आमच्या हातून एक चूक घडली, ती आज आपणांपुढें कबूल करितों. पहिल्या इयत्तेंतील एका मुलीनें उत्तर देतांना घरचा शब्द वापरला. वर्ग हंसला. आम्ही "मराठींत बोल" एवढेंच म्हणालों. उत्तर बरोबर होतें. पण तें पोर पुढें कित्येक दिवस तोंड उघडीना. मुलीचें नुकसान नको म्हणून आईबापांनीं घरींही मराठी सुरू केली, आणि आजीच्या गाण्यांस ऐकणारें कोणी उरलें नाहीं.

त्या वेळीं आम्हांस फादर थॉमस स्टीफन्स यांचें स्मरण झालें. जन्मानें इंग्रज असलेले हे येशूसंघीय धर्मगुरु सन १५७९ मध्यें गोव्यास आले आणि सन १६१९ मध्यें देवाघरीं गेले. शिकविण्यापूर्वीं ते स्वतः विद्यार्थी झाले. लोकांची कोंकणी शिकून त्यांनीं तिचें व्याकरण रचिलें. नवख्रिस्ती लोकांस पुराणश्रवणाची गोडी होती. ती न मोडतां त्यांनीं सुमारें अकरा हजार मराठी ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' लिहिलें, तें सन १६१६ मध्यें छापिलें गेलें. सर्वांस समजावें म्हणून त्यांत सोपे कोंकणी शब्दही घातले. भाषा, लोकांची रीत आणि शिकवण हीं तिन्ही त्यांनीं एकाच दोऱ्यांत ओंविलीं.

त्यांचाच कित्ता आम्ही यथाशक्ति गिरवितों. भातलावणीचा धडा आला कीं मुलें शेतांतील काम आधीं घरच्या बोलींत सांगतात, मग मराठींत मांडतात. दोन्ही वाक्यें फळ्यावर शेजारीं शेजारीं लिहितों. चावी, पगार, बटाटा, अननस हे शब्द मराठींत पोर्तुगीजांकडून आले, हें कळल्यावर हंसणारीं मुलेंही नवल करूं लागतात. मधून मधून एखादी आजी वर्गांत येऊन गाणें म्हणते आणि मुलें तें देवनागरींत उतरवून घेतात. पहिलें गाणें उतरविलें तें त्याच मुलीनें.

मराठी उत्तम आलीच पाहिजे. वर्तमानपत्र, कचेरी, पुढील शिक्षण, सर्व तिच्यावांचून अडतें. पण पाया उकरून कोणी वरचा मजला चढवीत नाहीं. म्हणून माताभगिनींस आमची विनंती कीं, मराठी शिकविण्याचा भार आम्हांवर टाका. मुलांशीं 'नो लिंग' बोलण्याचें काम मात्र तुमचें. तें शाळेच्या हातून होणें नाहीं.

पेंटेकॉस्टच्या दिवशीं प्रत्येकानें आपापल्या भाषेंत देवाचीं महत्कृत्यें ऐकलीं. आपल्या मुलांसही तीं आपल्या भाषेंत ऐकूं येवोत, अशी कार्मेलमातेच्या चरणीं प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.