बॉनेटखालचा गंज



‘तू आयटीवाली, एआयवर बोल’ असं संयोजकांनी सुचवलं होतं. त्यावर हल्ली सगळेच बोलतात. मी गंजावर बोलणार आहे.

२२ जुलै २०२१ हा दिवस चिपळूणकरांना सांगायला नको. आमच्या अंगणातल्या प्रीमियर पद्मिनीच्या टपावरून त्या दिवशी वाशिष्ठीचं पाणी गेलं. बाबांनी १९८९ साली घेतलेली गाडी; आपल्या वर्गातले निम्मे तिच्यात कधी ना कधी कोंबून बसलेले आहेत. पुरानंतर मेकॅनिकने इंजिन खोलून साफ केलं, गाडी चालूही झाली. पण दोन पावसाळ्यांनी बॉनेटखालच्या रंगाला फोड आले. सांध्यांत बसलेला गाळ ओल धरून ठेवतो आणि रंगाखाली पत्रा कुजत जातो.

भंगारवाला येऊन भाव सांगून गेला. आई म्हणाली, ‘देऊन टाका.’ बाबा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी काच पुसून आले.

येत्या मार्चमध्ये नोंदणीची पाच वर्षं संपतात. पण कागदाचं मला एवढं वाटत नव्हतं. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नाही, पत्र्याचं अंगच सगळा भार पेलतं. पुढच्या चाकांचे दणके शेवटी बॉनेटखालच्या पत्र्यावर येतात. तो आतून किती उरला आहे, हे रंग काढल्याशिवाय कळणार नव्हतं. कुजला असेल तर बाबांना त्या गाडीत बसू द्यायचं नाही, हे मी मनाशी ठरवलं होतं. त्यांना मात्र सांगितलं नव्हतं.

दिवाळीनंतर दर शनिवार-रविवार पुण्याहून येऊन काम केलं. कोकणात हे काम पावसाळ्यात काढूच नये. चेनकप्पी लावून इंजिन उतरवलं. आधी रॉकेलने ग्रीस काढलं, मग साबणाच्या पाण्याने धुतलं. तेलकट पत्रा घासला तर घाण नुसती पसरते. बॅटरीखालच्या ट्रेवर खायच्या सोड्याचं पाणी ओतलं. फसफसलं, म्हणजे सांडलेलं ॲसिड अजून तिथेच होतं.

जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडा घासायचा नाही. मास्क लावून, पाणी मारत पॉलिश पेपरने घासायचा. सपाट जागी पेंट रिमूव्हर लावला की पापुद्रे सुटतात, पण तो उघड्यावरच वापरावा. जाड गंजावर ग्राइंडरला वायरचा ब्रश लावला. संगणकावर केलेलं मागे घेता येतं. इथे पत्रा पातळ झाला की झाला, म्हणून कोपऱ्यांत मी हातानेच घासत बसले. बोल्ट आणि क्लॅम्प मात्र लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवले. सकाळी बादलीत पिवळट पाणी आणि खाली स्वच्छ राखाडी लोखंड. आईने ती बादली अजून स्वयंपाकघरात येऊ दिलेली नाही.

विज्ञानाच्या बाई समोर बसल्या आहेत म्हणून सांगते. तीन परीक्षानळ्या आठवतात? एकीत साधं पाणी, दुसरीत उकळलेलं पाणी आणि वर तेल, तिसरीत कॅल्शियम क्लोराइड. खिळा पहिलीतच गंजला, कारण हवा आणि पाणी दोन्ही तिथेच होतं. बाई, आपल्या गावची हवा म्हणजे ती पहिली नळी आहे. सकाळी चकचकीत केलेला पत्रा संध्याकाळी पिवळसर दिसतो. म्हणून मी हातभर जागा घासायची, खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक ॲसिड लावायचं (त्याने गंज काळा पडून घट्ट बसतो), धुवायचं, वाळवायचं आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारायचा. जिथे तिथे लांबी भरून वर रंग फासणारे कारागीर मला मान्य नाहीत. लांबीखाली गंज सुखाने वाढतो.

वेल्डर बोलवला तेव्हा त्याने आधी विचारलं, ‘साहेब कुठायत?’ बाबांनी खुर्चीतूनच माझ्याकडे बोट दाखवलं.

बॅटरीखाली पाच रुपयांच्या नाण्याएवढी दोन भोकं निघाली आणि त्यांच्याभोवती वीतभर पत्रा कागदासारखा. तेवढा कापून नवा तुकडा जोडला. पुढच्या चाकांच्या वरचा पत्रा आणि खालचे आडवे दांडे मी हातोडीने इंचाइंचाने वाजवून पाहिले. कुजलेला पत्रा बद्द वाजतो. इथे सगळीकडे खणखणीत वाजलं. बाबा दुरून ऐकत होते. ‘वाजतोय ना?’ एवढंच त्यांनी विचारलं. म्हणजे मी काय शोधत होते, ते त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही रात्रीचं नीट दिसत नाही, त्यामुळे गाडी मीच चालवणार. शेजारी बसून गिअर कधी टाकायचा ते बाबा सांगतीलच. आतून जुनाच पांढरा रंग मारायचा, हे त्यांनी ठरवून टाकलंय. मला राखाडी हवा होता, पण विचारतंय कोण!

इंजिन अजून पडवीत लाकडी ठोकळ्यांवर आहे. पुढच्या रविवारी सकाळी आठला चढवायचंय. चेनकप्पी आहे, पण धरायला चार जण लागतील. मागच्या बाकावरच्या मुलांनी यावं. पोहे आई करणार आहे.