सतरा जनुकांचा गुणांक

तीव्र मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा एक वेगाने वाढणारा कर्करोग. केमोथेरपी तीच, तरी एकाचा आजार आटोक्यात येतो, दुसऱ्याचा उलटतो. असं का? टोरांटोच्या प्रिन्सेस मार्गारेट केंद्रातल्या जॉन डिक, जीन वांग आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या पेशी उंदरांत टोचल्या आणि रोग रुजवणाऱ्या मूळपेशी हेरल्या. या चिवट पेशी केमोथेरपीला सहसा दाद देत नाहीत. या मूळपेशींची खूण जनुकांत शोधायची, तर जनुकं सगळ्याच पेशींत असतात. मोजायचं ते कोणतं जनुक किती कामात आहे, म्हणजे त्याच्या आरएनए प्रती किती. त्यातून १७ जनुकांचा गुणांक २०१६ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. आहे हा अंदाजच, कुंडली नव्हे! पण गुणांक जास्त आला, तर नेहमीचे उपचार अपुरे पडण्याचा धोका निदानाच्या वेळीच डॉक्टरांच्या लक्षात येऊ शकतो.