वळणाचं टोक

ब्रिटनच्या मुख्य भूमीच्या अगदी वायव्येच्या टोकाला 'केप राथ' म्हणतात. इंग्रजीत 'राथ' म्हणजे क्रोध. तिथला खवळलेला समुद्र पाहून कुणीतरी हे नाव ठेवलं असेल, अशी माझी समजूत होती. ती कशी चुकीची निघाली, तेच आज सांगायचं आहे.

फोर्ट विल्यम या गावापासून केप राथपर्यंत सुमारे ३७० किलोमीटरची पायी वाट जाते. वाट म्हणायची ती आपली सवयीने! मार्ग अधिकृत नाही, वाटेवर खुणेचे फलक नाहीत. कुठे पायवाट, कुठे नुसती दलदल. नकाशा आणि होकायंत्र हेच वाटाडे. दुकान चार-चार दिवस दिसत नाही, म्हणून शिधा पाठीवर. पण कुणी अडवत मात्र नाही. जबाबदारीने वागणाऱ्या कुणालाही बहुतेक मोकळ्या जमिनीवरून चालत जाण्याचा हक्क तिथल्या २००३ च्या कायद्याने दिला आहे. मुक्कामाला 'बॉथी' मिळतात. बॉथी म्हणजे डोंगरातलं जुनं दगडी घर. दाराला कुलूप नाही, भाडं नाही, वीजही नाही. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या एका संस्थेचे स्वयंसेवक अशी अनेक घरं सांभाळतात.

मी आणि माझा मित्र अठराव्या दिवशी सँडवुडच्या किनाऱ्यावर पोचलो. गाडीरस्ता तिथपासून सहा किलोमीटरहून अधिक दूर आहे, त्यामुळे एवढी लांबलचक पुळण, पण माणूस एखादाच. पुढे केप राथ जेमतेम अर्ध्या दिवसाच्या चालीवर. मात्र आदल्या रात्रभर पाऊस कोसळला होता आणि वाटेतला ओढा दुथडी भरून वाहत होता. पाणी चहासारखं तांबूस, तळ दिसत नव्हता. मित्र म्हणाला, "एवढं चाललो, आता दहा पावलांसाठी थांबायचं?" शिधा एका दिवसाचा उरला होता. मी पाण्यात उतरलो. तिसऱ्या पावलाला पाणी मांडीला लागलं, काठी थरथरायला लागली आणि पायाखालचा धोंडा सरकला. कसाबसा मागे फिरलो.

सह्याद्रीत पावसाळ्यात भटकणाऱ्याला चढलेला ओढा काय करतो हे सांगावं लागत नाही. तरीही मी उतरलो होतो, कारण मुक्काम जवळ दिसत होता.

आम्ही वाळूच्या टेकडीआड तंबू ठोकला आणि अर्धपोटी झोपलो. मित्र माझ्याशी बोलत नव्हता. रात्री पाऊस थांबला. सकाळी तोच ओढा गुडघ्याखाली आला होता. दगडांवरचे पाण्याचे डाग तेवढे काल ते कुठवर चढलं होतं ते दाखवत होते. मित्राने ते डाग पाहिले आणि न बोलता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

दुपारी दीपगृह दिसलं. रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी ते १८२८ मध्ये बांधलं. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारे स्टीव्हन्सन हे त्यांचे नातू. नावाचा अर्थ मला तिथंच कळला. 'राथ'चा क्रोधाशी काही संबंध नाही. जुन्या नॉर्स भाषेतल्या 'वळण्याची जागा' अशा अर्थाच्या शब्दावरून हे नाव आलं आहे. उत्तरेकडून येणारे खलाशी या टोकाशी आपली जहाजं वळवत असत.

आमचं वळण एक दिवस आधीच येऊन गेलं होतं. ते घेतलं म्हणूनच हे टोक बघायला मिळालं.