स्मृतिभ्रंशग्रस्तांची दिनचर्या : खरी नोंद हीच सेवा



नोव्हेंबर १९०१ मध्ये जर्मनीतील फ्रांकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर ही ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिच्याशी झालेले बोलणे प्रश्नोत्तरांसह टिपून ठेवले. एकदा तिच्या जेवणात फुलकोबी होती. काय खाता, असे विचारता तिने 'पालक' असे सांगितले. डॉक्टरांनी ताटातला पदार्थही लिहिला आणि तिचे उत्तरही. 'व्यवस्थित जेवली' असे लिहून ते थांबले नाहीत. १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर त्यांनी वर्णिलेला विकार पुढे त्यांच्याच नावाने ओळखला गेला. तिचे हरवलेले टिपण १९९५ मध्ये सापडले, तेव्हा ती स्त्री जणू पुन्हा बोलू लागली.

भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. यांपैकी ज्यांना निवासी सेवागृहात राहावे लागते, त्यांना काल काय घडले हे अनेकदा सांगता येत नाही. त्यांची साक्ष नोंदवहीच देते.

समजा, रोज भजन म्हणणाऱ्या एक आजी तीन दिवस नुसत्या बसून आहेत; पाणीही अर्धाच पेला घेतात. वहीत मात्र तिन्ही दिवशी 'भजनात आनंदाने सहभाग' असे लिहिले जाते. असा अचानक बदल मूत्रमार्गाचा संसर्ग, शरीरातील पाण्याची कमतरता किंवा नवे औषध यांमुळेही होतो आणि वेळीच कळल्यास त्यावर उपचार करता येतात. खोट्या नोंदीमुळे तो दडून राहतो आणि पुढे 'आजार वाढला' म्हणून सोडून दिला जातो.

असे लिहिणारी सेविका बहुधा अप्रामाणिक नसते. तिच्यावर अनेकांचा भार असतो, वही रात्री एकदम भरायची असते आणि रिकाम्या रकान्याबद्दल तिलाच जाब विचारला जातो. म्हणून सुधारणेचा आरंभ व्यवस्थापनाने करावयास हवा. 'भजनाला नको म्हणाल्या. खिडकीपाशी वीस मिनिटे बसल्या. दोनदा मुलीचे नाव घेतले' ही नोंद अपयशाची नव्हे, सेवेचीच मानली गेली पाहिजे.

ब्रॅडफर्ड विद्यापीठातील टॉम किटवुड व त्यांचे सहकारी यांच्या निरीक्षणपद्धतीत दर पाच मिनिटांनी दोन गोष्टी टिपतात : व्यक्ती काय करते आहे आणि ती सुखात आहे की अस्वस्थ. रोजच्या कामात इतके बारकाईने टिपणे शक्य नाही. परंतु हे दोन रकाने कोणत्याही वहीत आखता येतात. नोंद घडल्यानंतर लगेच, वेळेसह व्हावी. पाहिलेले आणि तर्क केलेले वेगळे असावे. चूक खोडून नाहीशी न करता वाचता येईल अशी रेघ मारून सही करावी. इंग्लंडमध्ये अचूक, पूर्ण आणि तत्कालीन नोंद ठेवणे सेवागृहांना २०१४ च्या नियमांनीच बंधनकारक केले.

स्मृती हरपलेल्या माणसाचा दिवस हरपू नये, एवढीच या वहीची अपेक्षा आहे.