नक्की काय पाहिलंस?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू आयटीत आहेस, तर एआयवर बोल." मी म्हटलं, त्यावर हल्ली रिक्षावालेही माझ्यापेक्षा चांगलं बोलतात. मी माझ्या शनिवारच्या उद्योगाबद्दल बोलते.

दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता वारज्यातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये नववी-दहावीची बारा-पंधरा मुलं जमतात आणि आम्ही कोर्ट भरवतो. घाबरू नका, मी वकील झालेले नाही. कायदा शिकवतात आमच्या शेजारच्या वकीलताई. त्यांची निम्मी हयात फौजदारी कोर्टात गेली आहे. मी खुर्च्या मांडते, खोटी केस लिहून काढते आणि मुलांचे प्रश्न तपासते. प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात वीस वर्षं गेली, तेवढीच माझी पात्रता.

याची सुरुवात एका सायकलीवरून झाली. आमच्या पार्किंगमधून एका मुलाची सायकल गेली. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "दुपारी तो पार्सलवाला पोरगा सायकलीजवळ दिसला होता." संध्याकाळपर्यंत त्याचा फोटो फिरला आणि फोटोखाली 'चोर' हा शब्दही आला. दोन दिवसांनी सायकल बी विंगच्या जिन्याखाली सापडली. मालकाच्याच धाकट्या भावाने ती तिथे लावली होती. ग्रुपवर हसण्याच्या इमोजी आल्या, पण तो फोटो कुणी काढून टाकला नाही. माझी मुलगी म्हणाली, "आई, त्याला कुणी काही विचारलंच नाही." मी ते वाक्य घेऊन वकीलताईंकडे गेले.

आमची पहिली केस अर्थातच सायकलचोरीची. मुलांना आरोपी आपल्याच वयाचा हवा होता. ताई म्हणाल्या, अठराच्या आतल्या मुलावर चोरीचा आरोप आला तर प्रकरण नेहमीच्या कोर्टात न जाता बाल न्याय मंडळापुढे जातं. मग आरोपी बावीस वर्षांचा केला. चोरीचं पूर्वीचं कलम ३७९, आता भारतीय न्याय संहितेत ३०३. मुलांना वाटत होतं, दुसऱ्याची वस्तू नेली की झाली चोरी. पण नेणाऱ्याचा हेतू अप्रामाणिक असावा लागतो. मित्राचीच समजून चुकून दुसऱ्याची सायकल नेली, तर ती चोरी होत नाही. आणि तो हेतू सरकार पक्षाने सिद्ध करायचा असतो. "मी चोर नाही" हे आरोपीला सिद्ध करावं लागत नाही. हे ऐकून एक मुलगा म्हणाला, "आमच्या घरी उलटं असतं." सगळे हसले. ताईसुद्धा.

मग साक्षीदार. ज्या बाजूने साक्षीदार आणला तिने आधी विचारायचं, तो सरतपास. नंतर समोरच्या बाजूने विचारायचं, तो उलटतपास. त्यातून काही गोंधळ उरला तर पहिल्या बाजूने पुन्हा विचारायचं, तो फेरतपास. १८७२ चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण हे तीन टप्पे तसेच आहेत.

सरतपासात उत्तर सुचवणारा प्रश्न विचारायची सहसा मुभा नसते. "तू आरोपीला सायकल नेताना पाहिलंस ना?" असं विचारलं की समोरचा वकील हरकत घेणार. "तू काय पाहिलंस?" एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. मुलांना सगळ्यांत जड जातं ते हे गप्प बसणं. उलटतपासात मात्र सूचक प्रश्न चालतात. तिथे मुलांची चूक वेगळी असते. एका प्रश्नात तीन प्रश्न कोंबतात, साक्षीदारावर ओरडतात आणि हवं ते उत्तर मिळाल्यावरही "मग असं का?" म्हणून आणखी एक प्रश्न विचारतात. त्या एका प्रश्नाने सगळं घालवतात.

ताईंनी मुलांना टिळकांचा १९०८ चा खटला सांगितला. जुलै महिना, मुंबई उच्च न्यायालय, राजद्रोहाचा आरोप. टिळकांनी आपला बचाव स्वतः केला. केसरीतल्या मराठी लेखांचं इंग्रजी भाषांतर कोर्टापुढे होतं आणि त्या भाषांतराबद्दल साक्ष द्यायला आलेल्या सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी टिळकांनीच घेतली. वाद शब्दांच्या अर्थाचा होता. नऊ ज्युरींपैकी सात जणांनी त्यांना दोषी ठरवलं, दोघांनी निर्दोष. शिक्षा सहा वर्षांची झाली. आमच्यातली एक मुलगी म्हणाली, "म्हणजे इतके प्रश्न विचारून हरलेच ना?" ताई म्हणाल्या, "हरले. पण त्यांनी विचारलेले प्रश्न नोंदीत राहिले, म्हणून आज तू वाचू शकतेस."

आता जे सांगणार आहे, त्यासाठी मी खरं तर आज इथे उभी आहे.

त्या सायकलच्या केसमध्ये आरोपीची वकील होती नववीतली एक बुटकी, चष्मेवाली मुलगी. साक्षीदार होता माझ्याच सोसायटीतला मुलगा. तो ठणकावून सांगत होता, "मी त्याला पाहिलं." ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही त्याला सायकल नेताना पाहिलं, की सायकलीजवळ उभा असलेला पाहिलं?" तो थांबला. म्हणाला, "उभा असलेला." ती म्हणाली, "आणखी प्रश्न नाहीत." आणि खाली बसली.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मला मात्र आठवीचा आपला वर्ग दिसला.

तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. सहलीचे पैसे गोळा झाले होते आणि मधल्या सुट्टीनंतर त्यातले दीडशे रुपये कमी भरले. कुणी काही पाहिलं का, असं विचारलं गेलं तेव्हा मी हात वर केला. मी मॉनिटर होते. मी आपल्याच वर्गातल्या एकाचं नाव घेतलं. म्हणाले, "मी त्याला टेबलाजवळ पाहिलं." माझ्यामागे आणखी तिघांनी तेच सांगितलं. चार साक्षीदार झाले. खरं तर साक्षीदार एकच होता, बाकीचे माझं ऐकून बोलत होते. अमुक इतके साक्षीदार असले की गोष्ट शाबीत झाली, असं कायदा कुठेच म्हणत नाही. साक्षीदार मोजायचे नसतात, तोलायचे असतात. हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. त्याला मार बसला आणि पुढच्या वर्षी तो शाळेतच दिसला नाही.

मी इथे शिक्षकांना दोष देत नाही. साठ मुलांचा वर्ग, त्यात पैशाची जबाबदारी. हात मी वर केला होता.

तो आपल्या ग्रुपवर नाही. मी त्याचा नंबर शोधून त्याला फोन केला. आज हे सांगायची परवानगी त्याने दिली आहे, नाव न घेण्याच्या अटीवर. मी आधी माफी मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तू नक्की काय पाहिलं होतंस?"

मी म्हटलं, "तू टेबलाजवळ उभा होतास. बस्स, एवढंच."

तो म्हणाला, "माझा डबा खिडकीत राहिला होता. टेबलामागच्या."

मी विचारलं, "मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

तो म्हणाला, "विचारलं कुणी?"

दीडशे रुपये कुणी घेतले ते मला आजही ठाऊक नाही. तो प्रश्न मी इथे विचारणारही नाही. पण ज्याच्यावर काहीही सिद्ध झालं नव्हतं, त्याला आपण सगळे तीस वर्षं एकाच नावाने आठवत आलो. ते नाव आज या हॉलमध्ये सोडून जाऊ या, एवढीच माझी विनंती.

आमच्या शनिवारच्या मुलांपैकी किती जण वकील होतील, माहीत नाही. माझी तशी अपेक्षाही नाही. उद्या कुणाच्या तरी नावाने बोट उचललं जाईल, तेव्हा त्यांच्यातल्या एकाने तरी विचारावं, "नेताना पाहिलं, की उभा असलेला?" आणि समोरच्याचं उत्तर संपेपर्यंत गप्प बसावं.

परवा त्याचा मेसेज आला. त्याची मुलगी नववीत आहे. विचारत होता, शनिवारी पाच वाजता म्हणजे नक्की कुठे यायचं. मी लिहिलं, माळवाडीच्या स्टॉपवर उतर, मी न्यायला येते.