घर शिकायचं म्हणजे काय शिकायचं?

(करकंब, ता. पंढरपूर येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मघाशी ताईंनी माझी ओळख करून दिली. मी एम.एस.डब्ल्यू. केलंय हे त्यांनी सांगितलं, त्याच्या आधीचं राहिलं. माझी पदवी गृहविज्ञानाची. त्यात माझा विषय होता मानव विकास आणि कौटुंबिक अभ्यास. आमच्या एक आत्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "भाकरी थापायला कॉलेजात कशाला जायचं? ते मी शिकवते की!"

तुम्ही हसलात. पण आत्याबाईंचा प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. १९१६ साली महर्षी कर्व्यांनी हिंगण्याला महिला विद्यापीठ काढलं. मातृभाषेतून उच्च शिक्षण ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट! पण बाईचं क्षेत्र मुख्यतः घर, म्हणून तिचा अभ्यासक्रमही वेगळा, हा विचारसुद्धा त्याच पायात घातलेला होता. आपण कर्व्यांचं ऋण मानतो म्हणून हे बोलायचं नाही असं नाही.

दुसरा धागा बडोद्याचा. तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' हा अर्थ निघू नये, 'सर्व माणसं' असंच लिहिलं जावं, म्हणून भांडलेली ही बाई. त्यांच्या विद्यापीठात गृहविज्ञानाची शाखा निघाली. आणि पुढे साठच्या दशकात त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने सांगितलं, की मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे नकोत. गृहविज्ञान शिकवायचं तर माध्यमिक टप्प्याआधी दोघांनाही शिकवा. साठ वर्षं होऊन गेली. आपल्या भागात या वर्गात किती मुलगे दिसतात ते तुम्हीच सांगा.

या विषयात आम्ही काय शिकलो? गर्भापासून म्हातारपणापर्यंत माणूस कसा वाढतो, मूल बोलायला कसं लागतं, पहिल्या वर्षात त्याला काय लागतं. हे फार मोलाचं आहे. कुटुंबाच्या धड्यात इव्हलिन डुव्हाल या अमेरिकन बाईंनी मांडलेले आठ टप्पे होते. पहिला टप्पा नवराबायको, मग तान्हं मूल, शाळेतलं मूल, असं करत शेवटी म्हातारं जोडपं. मी पाठ केलं, मार्कही मिळाले. नंतर कामाला लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात टाकलेल्या बाया भेटल्या. त्यांना कुठल्या टप्प्यात बसवायचं? १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली. हजारो घरांतलं हे वास्तव, आणि आमच्या पुस्तकात त्याला एक रकाना नव्हता. दिवाळीनंतर आपल्याकडे उसाच्या फडात टोळ्या उतरतात. तिथे आठ-नऊ वर्षांची पोर कडेवर भाऊ घेऊन दिवस काढते. तिचं 'बालपण' कुठल्या आकृतीत दाखवणार?

म्हणून मी मुलींना सांगते, पुस्तक वाचा आणि मग आपल्या घराकडे बघा. एक साधं काम देते. आईचा एक दिवस घड्याळ लावून लिहायचा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर हेच केलं. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. तीही जे पुरुष करतात त्यांची; करणारे शंभरात २६च.

इथल्याच बाजूच्या एका मुलीने हे काम मनापासून केलं. तिचं नाव सांगत नाही. पहाटे साडेचारची धार, शेण, चूल, मग द्राक्षबागेत रोजंदारी, परत येऊन पुन्हा धार. पाणी भरणं ती लिहायला विसरली होती. आई म्हणाली, "ते काय काम आहे व्हय?" तो कागद वडिलांनी वाचला आणि बराच वेळ गप्प बसले. मला वाटलं, काहीतरी हललं.

पण स्थळ आलं तेव्हा ते नाही म्हणाले नाहीत. हा विषयच मुळी तिला दिला होता तो 'हलका आहे, लग्नापर्यंत होऊन जाईल' म्हणून. स्थळाच्या कागदावर 'गृहविज्ञान' शब्द बरा दिसतो, मुलगी घरंदाज वाटते. तिचं वय १९. कायद्याला १८ पुरतात, तेव्हा पोलिसांत जाण्यासारखं यात काही नाही. इथेच आपली खरी अडचण आहे. बालविवाह असता तर आपण तो थांबवायला धावलो असतो. दुसऱ्या वर्षाला सुटलेलं शिक्षण थांबवायला कोण धावतं?

आणि हा विषय पोटाला देत नाही असंही नाही. अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेच्या भरतीत अशा पदव्यांना स्थान असतं. बालवाडी आहे, समुपदेशन आहे, माझ्यासारखं समाजकार्यात पुढे जाता येतं. पण त्याला पदवी पुरी व्हावी लागते. अर्धी पदवी फक्त लग्नपत्रिकेवर चालते.

तिच्या सासरची माणसं वाईट नाहीत. सासूबाई आपल्यातल्या काहीजणींच्या ओळखीच्या आहेत, बचत गटात येतात. "शिकली तेवढी बास" एवढंच त्या म्हणतात, तेही आवाज न चढवता. त्यांना कुणी दुसरं काही विचारलेलंच नाही. कॉलेजला रोज जाणं जमत नसेल तर बाहेरून परीक्षा देता येते का, हे मी विचारून ठेवते. पण फॉर्मवर सही तिची लागणार, आणि फी कुणी भरायची ते घरात ठरणार.

मेळावा संपल्यावर मी तिकडे जाणार आहे. सासूबाईंना ओळखणाऱ्या दोघी-तिघी बरोबर आल्या तर बरं होईल. चहा तिथेच होईल, इथे थांबू नका.