घरचे खत



चैत्रात आपण अंगणातला पाचोळा झाडून पेटवतो आणि ज्येष्ठात कुंड्यांसाठी खताची पिशवी विकत आणतो. एका हाताने जाळायचे आणि दुसऱ्या हाताने तेच विकत घ्यायचे, असा हा आपला व्यवहार!

इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी काडीकचरा व शेण यांचे खत करण्याची रीत बसवली आणि १९३१ साली ती ग्रंथरूपाने मांडली. तिचे मर्म सोपे आहे. वाळल्या पाल्यात कर्ब फार, ओल्या भाजीपाल्यात व शेणात नत्र अधिक. कर्ब नत्राच्या सुमारे ३० पट असला की ढीग नीट कुजतो. म्हणून पाचोळ्याचा जाड थर, त्यावर भाजीच्या देठांचा पातळ थर, मग थोडी माती व शेणकाला. ओल पिळलेल्या फडक्याइतकीच असावी. ढीग अधूनमधून उलटावा. हवा कोंडली की दुर्गंधी सुटते.

सामग्री कोठून आणावी? मंडईतला पाला, गोठ्यातले शेण, देवघरातले निर्माल्य, रसवंतीगृहातली चिपाडे बारीक तोडून. तीन-चार महिन्यांत खत हाती येते.

तेव्हा काडी ओढण्यापूर्वी आपण एवढा विचार करू या : धूर शेजाऱ्याच्या घरात जातो, खत आपल्या मातीत राहते.